शेतीपंपाच्या विजेचं २०४०: समाज आणि राजकारण धरून ऊर्जेची भविष्यचित्रं कशी बांधावीत

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात रात्री एक-दोन वाजता शेतातून बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतात. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की पाणी तेव्हाच द्यावं लागतं. एक जण विहिरीवर मोटर चालू करायला, दुसरा दारं धरायला. साप-विंचू पूर्वीपासून होते, आता उसात बिबट्या आहे. 'दिवसा वीज द्या' ही मागणी या अंधारातून आलेली आहे. आज राज्यात शेतीच्या फीडरवर (उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर) सौरऊर्जा येते आहे ती मुख्यतः या मागणीमुळे आणि अनुदानाच्या वाढत्या बोजामुळे, असं माझं मत आहे. हवामानबदलाची चिंता त्यात बरीच मागे उभी आहे.

ऊर्जासंक्रमणावरचे बहुतेक अहवाल मात्र मेगावॅटपासून सुरू होतात. कोळसा इतका कमी, सौर इतकी जास्त, बॅटऱ्या अमुक इतक्या. लोक, निवडणुका, जमिनीचे वाद, संप हे सगळं शेवटच्या पानावर 'आव्हाने' या मथळ्याखाली येतं. इथे मी क्रम उलटा ठेवला आहे. कोण ठरवतं, कोण पैसे भरतं, कोणाची जमीन जाते आणि रात्री कोण जागतं हे आधी, आकडे त्यानंतर. उदाहरण एकच घेतो: महाराष्ट्रातल्या शेतीपंपाची वीज. पद्धत मात्र कोळसा खाणी, शहरी बस किंवा घरगुती गॅस अशा कोणत्याही विषयाला लावता येते.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. सिनॅरिओ म्हणजे भाकीत नव्हे. पाऊस किती पडेल हे हवामान खातं सांगतं, ते भाकीत. पाऊस कमी पडला तर कोणतं पीक, बरा पडला तर कोणतं, उशिरा आला तर काय, हा जो हिशेब शेतकरी मृगाआधी मनात मांडतो, तो सिनॅरिओ. मी त्याला भविष्यचित्र म्हणतो. शेल या तेल कंपनीत पियर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच काम केलं. तेल उत्पादक देश किंमत एकदम चढवू शकतात, हे चित्र १९७३ चं तेलसंकट येण्याआधीच त्यांनी व्यवस्थापकांसमोर ठेवलेलं होतं. पण आपल्या कामाला जास्त जवळचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. १९९१-९२ मध्ये वर्णभेदाची राजवट संपत असताना माँ फ्लर इथे मुक्ती चळवळीतले कार्यकर्ते, कामगार नेते, उद्योगातली माणसं आणि अर्थतज्ज्ञ एकत्र बसले आणि देशाच्या चार वाटा त्यांनी गोष्टीच्या रूपात मांडल्या: वाळूत डोकं खुपसणारा शहामृग, लंगडं बदक, सूर्याच्या फार जवळ उडणारा इकारस आणि एकत्र उडणारे फ्लेमिंगो. एकमेकांशी न पटणारी माणसं एका टेबलावर होती, म्हणून त्या गोष्टींना वजन आलं.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात

'महाराष्ट्राच्या ऊर्जेचं भविष्य' हा प्रश्न नाही, तो परिसंवादाचा विषय आहे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणती सेवा, कुठे, कोणत्या सालापर्यंत, आणि उत्तर कोणाच्या निर्णयासाठी हवं आहे. आपला प्रश्न असा: '२०४० साली महाराष्ट्रातल्या शेतीपंपांना वीज कुठून, कोणत्या वेळी आणि कोणाच्या पैशाने मिळेल, आणि आज गायरान जमीन सौर प्रकल्पाला देऊ पाहणाऱ्या ग्रामपंचायतीने कशाची तयारी ठेवावी?'

शेवटचा भाग गाळू नका. निर्णय घेणारा डोळ्यांसमोर नसेल तर चित्रं छान दिसतात आणि कपाटात जातात. सालही विचार करून ठरवा. पाच वर्षांत फारसं काही हलत नाही आणि पन्नास वर्षांत काहीही होऊ शकतं. सौर प्रकल्पाचा वीजखरेदी करार पंचवीस वर्षांचा असतो, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांचा पल्ला इथे बरोबर बसतो.

दुसरी पायरी: मागचं शतक वाचा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझा नेम असा की जेवढी वर्षं पुढे पाहायचं, त्याच्या किमान दुप्पट मागे जायचं. समाज आणि राजकारण ऊर्जेला कसं वळवतात याचे दाखले महाराष्ट्राइतके दाट क्वचितच कुठे मिळतील.

मुळशीपासून सुरुवात करा. मुंबईच्या गिरण्या कोळशावरून जलविद्युतकडे वळत होत्या, हे त्या काळचं ऊर्जासंक्रमणच होतं. खोपोलीचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं होतं. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या, आणि १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट त्याचे नेते होते. धरण थांबलं नाही, १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. पण 'वीज शहराला, पाण्याखाली गाव' हे सूत्र तेव्हापासून लोकांच्या मनात आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांनी ते पुन्हा अनुभवलं. गायरानावर पॅनल येणार म्हटल्यावर ग्रामसभेत कोणी उठून 'वीज कुठे जाणार?' असं विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाला शंभर वर्षांचं वय असतं.

मग दाभोळचा वीजप्रकल्प. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये सत्ताबदल होताच रद्द झाला, १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू, २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने महागडी वीज घेणं बंद केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. तंत्रज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर गॅससाठी आखलेल्या प्रकल्पात मोठी अडचण नव्हती. करार कोणत्या अटींवर झाला आणि लोकांनी तो कसा पाहिला, यात तो अडकला.

२००४ चं उदाहरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. त्या वर्षी आंध्र प्रदेशात नव्या सरकारने शेतीला मोफत वीज सुरू केली. त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्रातही सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने तीच घोषणा केली. आंध्रात ती टिकली. तेलंगण वेगळा झाल्यावर तिथे १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आली. महाराष्ट्रात विलासराव देशमुखांच्या सरकारने २००५ मध्येच ती मागे घेतली. शेजारची दोन राज्यं, एकच आश्वासन, दोन वेगळे शेवट. मग २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली: साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ मोफत वीज, सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार. मागे घेतलेली गोष्ट वीस वर्षांनी परत येऊ शकते, हे चित्र २००५ मध्ये कोणी काढलं असतं का?

जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्पही घ्या. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली, एप्रिलमध्ये साखरी नाटे गावात पोलिस गोळीबारात एक आंदोलक गेला. मासेमार आणि आंबा बागायतदारांचा विरोध आधीपासून होता. जपानमधल्या घटनेनंतर तो देशभर ऐकू जाऊ लागला. नियोजित ९,९०० मेगावॅटमधलं एकही उभं राहिलेलं नाही. आणि २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेही लिहून ठेवा. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं.

यादी झाली की प्रत्येक घटनेपुढे एक ओळ लिहा: 'आदल्या दिवशी काय अटळ वाटत होतं?' मुळशीत धरण अटळ होतं आणि तसंच झालं. दाभोळ अटळ वाटत होतं, सुरू होऊन दोन वर्षांत बंद पडलं. स्मार्ट प्रीपेड मीटर अटळ वाटत होते, विरोधानंतर जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ते लावणार नसल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. या एका ओळीतून गटाला अंदाज येतो की आपल्याकडे गोष्टी नेमक्या कुठे फिरतात.

तिसरी पायरी: माणसं आणि त्यांचं काय जाणार

भागधारकांची यादी करून पुढे रेषा ओढायची, हे पुरेसं नाही. प्रत्येकाबद्दल दोनच प्रश्न विचारा: हा बदल झाला तर याचं काय जातं, आणि तो कुठे अडवू शकतो?

महावितरणच्या मोठ्या औद्योगिक ग्राहकाकडून खर्चापेक्षा जास्त दर घेतला जातो आणि त्यातून शेतीचा दर खाली ठेवला जातो. म्हणजे चाकणचा कारखानदार आणि पारनेरचा कांदा उत्पादक एकमेकांना न ओळखता एका हिशेबात बांधलेले आहेत. कारखानदाराने स्वतःचा सौर प्रकल्प उभारला की तो त्या हिशेबातून निघतो. त्याला अडवायची गरजच नाही, निघून जाणं हेच त्याचं बळ.

महावितरणचं काय जातं? बऱ्याच पंपांना मीटर नाही, वापर एचपीवरून अंदाजाने धरतात. त्या अंदाजात गळती आणि चोरी लपते, हा वाद वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं चालू आहे. शेतीचा फीडर वेगळा झाला, त्याला स्वतःचा सौर प्रकल्प जोडला, की त्या फीडरचा खरा वापर उघडा पडतो. काहींना तो हवा असतो, काहींना अजिबात नको असतो.

कर्मचारी आणि वायरमन: जानेवारी २०२३ मध्ये समांतर वीजवितरण परवान्याच्या अर्जाविरोधात राज्यभर संप झाला आणि सरकारशी चर्चेनंतर त्याच दिवशी मागे घेतला गेला. वितरणाची मालकी बदलणाऱ्या कोणत्याही चित्रात ही ताकद धरावीच लागेल.

आता गायरान. कागदावर ती सरकारी जमीन, गावाची चराई. प्रत्यक्षात मराठवाड्यात अनेक भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ती कसतात. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच प्रश्नावर होता. मेंढपाळांचा रस्ताही तिथूनच जातो. 'पडीक जमीन उपलब्ध' असं लिहिलेला तक्ता समोर आला की मी तिथे थांबतो आणि विचारतो, पडीक कोणासाठी? या लोकांशी ग्रामसभेत बोलून भागत नाही, कारण तिथे ते बोलत नाहीत. त्यांच्या वस्तीवर जाऊन वेगळं बसावं लागतं. बायकांची बैठकही वेगळी घ्या. माझ्या पहिल्या कार्यशाळेत सगळे अधिकारी आणि प्राध्यापक होते, आणि निघालेली चारही चित्रं फक्त मेगावॅटच्या आकड्यात वेगळी होती. रात्रीचं पाणी, कोण जागतं, सकाळी कोण शाळेत जात नाही, हे विषय दुसऱ्या वेळी बायकांच्या बैठकीतच पहिल्यांदा आले.

संख्या फार नको. वीस-बावीस माणसं, दोन दिवस, मधे दोन-तीन आठवड्यांचं अंतर. बोलणं मराठीतच होऊ द्या. तज्ज्ञाला मराठीत सांगता येत नसेल तर त्याला आधी तयारी करू द्या.

चौथी पायरी: काय पक्कं, काय अधांतरी

भिंतीवर दोन कागद लावा. पहिल्यावर पक्क्या गोष्टी: सौरवीज दिवसाच मिळणार. आज झालेले करार दोन दशकांहून जास्त चालणार. विहिरी आणि बोअर एका रात्रीत नाहीशा होणार नाहीत.

दुसऱ्या कागदावर अधांतरी गोष्टी, आणि प्रत्येकीच्या दोन-तीन संभाव्य अवस्था:

- २०२९ नंतरचं अनुदान: पूर्ण मोफत चालू राहतं, ठरावीक युनिटपर्यंत मोफत, शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम आणि बिल पूर्ण.
- फीडरवरच्या सौर प्रकल्पाची मालकी: खासगी विकासक, सरकारी कंपनी, गावाची किंवा शेतकऱ्यांची संस्था.
- मोठे उद्योग: ग्रिडवर राहतात, स्वतःच्या विजेवर निघून जातात.
- भूजल: निर्बंध कागदावर, गावाने स्वतः पाळलेले.
- जमीन: गायरान, खासगी शेतकऱ्याकडून भाड्याने, बांध, छपरं, कालवे अशा विखुरलेल्या जागा.

पहिल्या ओळीकडे नीट पाहा. मोफत वीज योजनेची मुदत मार्च २०२९ ला संपते. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका ठरल्या वेळी झाल्या तर त्याच वर्षी आहेत. ती मुदत मतदानाच्या उंबरठ्यावर येऊन संपते आहे, त्यामुळे 'योजना आपोआप बंद पडेल' ही अवस्था मी यादीत घेतलेलीच नाही. तुम्हाला ती शक्य वाटत असेल तर घ्या, पण कोणता पक्ष, कोणत्या आधारावर ती बंद करेल हे लिहून दाखवा.

भूजलाच्या ओळीत 'गावाने पाळलेले' हे स्वप्नरंजन वाटू नये. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतः बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. दुसरीकडे राज्याचा भूजल कायदा २००९ चा, अंमल २०१४ पासून, आणि गावोगावी बोअरचे ट्रक चालूच आहेत. दोन्ही अवस्था आज अस्तित्वात आहेत, कोणती पसरेल हा प्रश्न आहे.

पाचवी पायरी: जुळतं का ते पाहा

वरच्या अवस्थांच्या जोड्या लावल्या तर ३ × ३ × २ × २ × ३ म्हणजे १०८ चित्रं होतात. बहुतेक आपसात भांडणारी असतात. ती गाळायची रीत सोपी आहे आणि त्यातच खरी चर्चा घडते. प्रत्येक अवस्थेचा दुसऱ्या अवस्थेवर काय परिणाम होतो ते उणे तीन ते अधिक तीन अशा गुणांत लिहा. उणे तीन म्हणजे जवळजवळ अडवते, अधिक तीन म्हणजे जोराने पुढे ढकलते. स्टुटगार्टच्या वोल्फगांग वाइमर-येले यांनी हीच कल्पना क्रॉस-इम्पॅक्ट बॅलन्स या नावाने पक्की केली. मोठ्या कामाला संगणक लागतो, पाच घटकांना फळा आणि खडू पुरतो.

दोन उदाहरणं. 'उद्योग निघून जातात' याचा 'पूर्ण मोफत चालू राहतं' यावर परिणाम? पहिल्यांदा सगळे उणे तीन म्हणतील, कारण पैसा कुठून येणार. मग कोणीतरी आठवण करून देईल की अनुदान राज्याच्या तिजोरीतूनही येतं, आणि तिजोरीत इतर कर आहेत. गुण उणे एकवर येतो, आणि त्यासोबत नवा प्रश्न येतो: तिजोरीतून गेलं तर लाडक्या बहिणींचं अनुदान आणि पंपाचं अनुदान एकाच पैशासाठी समोरासमोर येतील का? दुसरं: 'पूर्ण मोफत' याचा 'गावाने पाळलेले भूजल निर्बंध' यावर परिणाम. माझा गुण उणे दोन. मोटर चालवायला काही खर्चच नसेल तर ती थांबवायला शेजाऱ्याचा दबाव लागतो, आणि तो प्रत्येक गावात नसतो.

गुणापेक्षा कारण महत्त्वाचं. प्रत्येक चौकटीत एका ओळीत 'का' लिहून ठेवा. पाच वर्षांनी चूक कुठे झाली ते शोधताना गुण काही सांगत नाही, ती ओळ सांगते.

सहावी पायरी: गोष्ट लिहा

आता तीन किंवा चार चित्रं उरतील. तीन असतील तर चांगलं, वाईट आणि मधलं अशी वाटणी होऊ देऊ नका, नाहीतर सगळे मधलं उचलून घरी जातात. प्रत्येक चित्रात कोणाचं तरी भलं आणि कोणाचं तरी नुकसान दिसलंच पाहिजे. नावं लोकांच्या तोंडी बसतील अशी द्या. आमच्या उदाहरणात ती अशी: 'दिवसा मोटर, खोल पाणी', 'गावची वीज' आणि 'रिकामी तार'. तिसरं नमुन्यादाखल लिहून दाखवतो. २०४० मधून मागे पाहत लिहायचं, वर्षं आणि कारणं साखळीसारखी जोडायची.

'रिकामी तार. स्वस्त पॅनल आणि बॅटऱ्यांमुळे २०२८ पासून मोठे कारखाने एकेक करून स्वतःच्या विजेवर गेले. २०२९ च्या निवडणुकीत सगळ्या पक्षांनी मोफत विजेची मुदत वाढवली. महावितरणचं उत्पन्न घटलं, राज्याचे अनुदानाचे हप्ते उशिरा येऊ लागले, दुरुस्तीचा खर्च आधी कापला गेला. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की महिना-महिना बदलून मिळेना, गावकरी वर्गणी काढू लागले. ज्यांना शक्य होतं त्यांनी २०३२ पर्यंत स्वतंत्र सौरपंप घेतले आणि तारेचा नाद सोडला. फीडरवर उरले ते अर्धा-एक एकरवाले, ज्यांच्या विहिरीत दोघा-तिघा भावांचा हिस्सा आहे आणि कोणाच्या नावावर पंप घ्यायचा हे ठरत नाही. दिवसा वीज आहे, पण तिचा दाब कमी, मोटर उचलत नाही. २०३६ मध्ये फीडरच्या सौर प्रकल्पांची थकलेली बिलं न्यायालयात गेली. गायरानावरची पॅनल चमकतात, भाडं मात्र दोन वर्षं आलेलं नाही.'

इथे कोणी खलनायक नाही. प्रत्येकाने आपल्या जागी समजून-उमजून वागलं आणि तार रिकामी झाली. गोष्ट अशी निघाली तर ती वापरण्याजोगी आहे.

'गावची वीज' लिहिताना इतिहास विसरू नका. राहुरी-श्रीरामपूर भागात मुळा प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक दशकं वीज वाटत होती. थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तिचा परवाना गेला. सहकाराच्या प्रदेशात सहकारी वीज का टिकली नाही याचं उत्तर तुमच्या गोष्टीत हवं. वसुली कोण करणार, सभासदाच्या पंपाची वीज तोडायची हिंमत कोणात असेल, संचालक मंडळ कोणत्या गटाचं, हे न लिहिता सहकाराचं सुंदर चित्र काढलं तर राहुरीचा कोणताही माणूस ते दोन मिनिटांत फाडेल. मला स्वतःला हेच चित्र सर्वांत प्रिय आहे, म्हणून मी त्याची तपासणी सर्वांत कडक करतो.

सातवी पायरी: गोष्टीतून आकडे

आता मेगावॅट. एक काल्पनिक फीडर घ्या: ३०० पंप, प्रत्येकी ५ एचपी. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून एकूण जोडभार सुमारे १,१२० किलोवॅट. वर्षाला १,२०० तास मोटर चालते असं धरलं तर सुमारे साडेतेरा लाख युनिट लागतील. आपल्याकडे एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण सोळा लाख युनिट देतो. वर्षाच्या बेरजेत एक मेगावॅट पुरेसा दिसतो.

आता गोष्ट आत आणा. मोफत विजेची मर्यादा साडेसात एचपी आहे. पाणी खोल गेलं आणि वीज दिवसाची झाली, तर पाचची मोटर काढून साडेसातची बसवायला शेतकऱ्याला काय अडतं? सगळ्यांनी बसवली तर तेच तीनशे पंप सुमारे १,६८० किलोवॅट आणि वीस लाख युनिट मागतात. पन्नास टक्के वाढ, आणि ती ना पावसाने आणली ना लोकसंख्येने, शासन निर्णयातल्या एका आकड्याने आणली. गावोगावी आजही कागदावर तीन आणि विहिरीवर पाच एचपी असते, म्हणजे सुरुवातीचा आकडाही तपासून घ्यावा लागेल.

पैशाचंही असंच. १४,७६० कोटी भागिले ४४ लाख केलं तर एका पंपामागे वर्षाला सरासरी साडेतेहतीस हजार रुपये येतात. फीडरवरच्या सौरविजेचे करार युनिटला तीन रुपयांच्या आसपास झाले आहेत. आपल्या काल्पनिक फीडरवरच्या पाच एचपीच्या पंपाला वर्षाला साडेचार हजार युनिट लागतात, म्हणजे साडेतेरा हजारांची वीज. तारांचा आणि गळतीचा खर्च वेगळा. शेतीला सौरवीज देण्यात राज्याच्या अर्थखात्याला इतका रस का, हे या दोन आकड्यांमधल्या अंतरातून कळतं. २०१७ ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला आणि तिचं उद्दिष्ट वाढत १६,००० मेगावॅटवर गेलं, तेही याच कारणाने.

मोठ्या प्रमाणावर हिशेब करायचा असेल तर तयार साधनं आहेत. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने 'रूमी' ही मुक्त प्रणाली भारतीय घरं, शेती आणि इंधनं डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. निती आयोगाचं २०४७ पर्यंतचं ऊर्जा गणकही आहे. पण साधन हातात घेण्याआधी प्रत्येक गोष्टीतून तीन-चारच आकडे काढा: पंपांची संख्या, सरासरी एचपी, तास, आणि फीडरवर राहिलेल्यांचा वाटा. जे आकड्यात बसत नाही, म्हणजे अपमान, विश्वास, भाऊबंदकी, ते ओढूनताणून आकड्यात घालू नका. गोष्टीतच ठेवा.

आठवी पायरी: आजचा निर्णय तिन्ही चित्रांतून फिरवा

ग्रामपंचायतीपुढे ठराव आहे: दहा एकर गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं का? योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. गायरान सरकारी जमीन, त्यामुळे ग्रामपंचायतीला नेमकं काय मिळणार हे आधी लेखी विचारा; इथे उदाहरणापुरतं तेवढंच भाडं धरू. आकडा आकर्षक आहे. आता तो ठराव एकेका चित्रात ठेवा.

'दिवसा मोटर, खोल पाणी' मध्ये भाडं वेळेवर येतं, पण बोअर आटतात. म्हणजे भाड्यातला ठरलेला हिस्सा पाण्याच्या ताळेबंदावर आणि पुनर्भरणावर खर्च करायचं आजच ठरावात लिहायला हवं. 'गावची वीज' मध्ये पाच-सात वर्षांनी गाव पस्तावतं की जमीन दिली, मालकीचा वाटा मागितला नाही. करारात पुढे हिस्सा विकत घ्यायची मुभा मागता येते का, हे विकासकाला आताच विचारा. मिळणार नाही कदाचित, पण विचारल्याची नोंद इतिवृत्तात राहते. 'रिकामी तार' मध्ये भाडं थकतं आणि जमीन अडकते. मग किती महिने थकलं की जमीन परत, पॅनल कोण उचलणार, तो खर्च कोणाचा, हे कलम हवंच. आणि तिन्ही चित्रांत एक गोष्ट सारखीच निघते: जमीन कसणारे आणि गुरं-मेंढ्या चारणारे यांचं काय, हे आधी लेखी ठरलं नाही तर प्रत्येक चित्रात भांडण आहे. जे सगळ्या चित्रांत लागतं ते सर्वांत आधी करायचं.

अनपेक्षित धक्केही घालून पाहा. सलग दोन दुष्काळ. पॅनलच्या आयातीवर बंदी. फीडरची तार चोरीला. जैतापूरच्या बाबतीत धक्का सुमारे सात हजार किलोमीटरवरून आला होता, म्हणून राज्याबाहेरचा एक तरी धक्का यादीत असू द्या.

नववी पायरी: खुणा ठरवा आणि वही उघडी ठेवा

आपण कोणत्या चित्राकडे सरकतो आहोत हे कशावरून कळेल? प्रत्येक चित्राच्या दोन-दोन खुणा पुरेत, पण त्या पाहायला कोणाचं तरी नाव हवं. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची पावसाळ्यानंतरची नोंद: शाळेतला विज्ञानाचा शिक्षक. उद्योगांसाठी नियामक आयोगापुढच्या दरप्रस्तावात मोठ्या ग्राहकांची विक्री वाढते की घटते: तालुक्यातला एखादा वकील किंवा पत्रकार. तारेसाठी जळालेली डीपी बदलायला किती दिवस लागले, याची तारीखवार वही: वायरमनच्या ओळखीतला कोणीतरी तरुण. एचपीसाठी गावातल्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात साडेसातच्या किती मोटरी येतात, एवढं महिन्याला विचारलं तरी चालतं. ही शेवटची खूण सरकारी आकड्यांच्या दोन वर्षं आधी बोलते.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, रब्बीची पहिली पाणीपाळी संपली की त्याच वीस-बावीस जणांना पुन्हा बसवा. जी खूण दिसली तिच्यापुढे तारीख लिहा, जी गोष्ट खोटी ठरली ती खोडून कारण लिहा. आणि पुढच्या दोन बैठकांच्या तारखा आत्ताच ठरवून टाका: एक मार्च २०२८ च्या राज्य अर्थसंकल्पानंतरच्या आठवड्यात, दुसरी जानेवारी २०२९ मध्ये, आचारसंहिता लागण्याआधी.